मोहरीच्या बियांना किरण दिले, उत्पादन मात्र वाढले नाही: चूक डोसमध्ये की निवडीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते ग्वाल्हेरला एम.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षात आहेत. डबऱ्याजवळ मामांच्या दोन बिघ्यांत त्यांनी वरुणा या वाणाच्या मोहरीचे ३०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) गॅमा किरण दिलेले बी पेरले. पहिल्या पिढीत, म्हणजे एम-१ मध्ये, दहा झाडे इतरांपेक्षा जोमदार दिसली. त्यांचे बी वेगळे काढून पुढच्या हंगामात लावले, तर सगळी झाडे साध्या वरुणासारखीच निघाली. फक्त एका झाडाच्या शेंगा खोडाला चिकटलेल्या दिसल्या. आता ते विचारतात: डोस कमी पडला का, किरणांऐवजी ईएमएस (इथाइल मिथेन सल्फोनेट, जनुकांत बदल घडवणारे रसायन) वापरू का, आणि या मार्गाने उत्पादन खरोखर किती वाढते?

डोस कमी पडला, हे खरे आहे. पण तो दुपटी-तिपटीने वाढवला असता तरी हाती बहुधा हेच आले असते. निवड चुकीच्या पिढीत झाली, बाहेरचा पराग येऊ नये म्हणून फुलोऱ्याला पिशवी घातलेली नव्हती आणि शोध थेट ‘उत्पादना’चा होता, म्हणून आधी या तीन गोष्टी बघू.

किरणांनी उत्पादन वाढत नाही. किरणांनी एखादे जनुक बिघडते किंवा बदलते, आणि त्यातून झाडाचा एखादा गुण बदलतो: फांद्या खालपासून फुटतात, शेंग लांब होते, दाणा मोठा होतो, पीक दहा दिवस आधी पिकते. हेक्टरी क्विंटल हा आकडा अशा पाच-सहा गुणांच्या गुणाकारातून येतो, आणि हे गुण एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेतात. वरुणाचेच गणित मांडून बघा. ४५ बाय १५ सेंटिमीटरवर चौरस मीटरला साधारण १४.८ झाडे बसतात. झाडाला २५० शेंगा, शेंगेत १३ दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ५ ग्रॅम धरले तर झाडाला १६.२५ ग्रॅम आणि हेक्टरी सुमारे २४ क्विंटल पडतात. आता समजा एखाद्या उत्परिवर्ती, म्हणजे जनुक बदललेल्या, झाडात हजार दाण्यांचे वजन ६ ग्रॅम झाले. कागदावर ही २० टक्के वाढ आहे. पण दाणा मोठा झाला की शेंगेत बहुधा कमी दाणे भरतात. १३ चे ११ झाले की हिशेब २५० गुणिले ११ गुणिले ०.००६, म्हणजे साडेसोळा ग्रॅम. तळहातावर दाणा टपोरा दिसतो आणि पोत्यात काही फरक पडत नाही. म्हणून कुठलाही उत्परिवर्ती एका गुणावरून ‘जास्त उत्पादनाचा’ ठरवू नका. बाकीचे घटक कुठे घसरले ते त्याच दिवशी मोजा.

आता पहिल्या चुकीकडे. एम-१ मध्ये निवड करायची नसते. किरणांनी झालेला बदल जवळजवळ नेहमी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत होतो आणि बहुतेक बदल अप्रभावी असतात, म्हणजे दोन्ही प्रतींत असल्याशिवाय उमटत नाहीत, त्यामुळे त्या झाडावर ते दिसतच नाहीत. एम-१ मध्ये दिसते ती किरणांची इजा: उशिरा उगवण, सुरकुतलेली दले (बीजपाने), पानांवर फिके पट्टे, वांझ परागकण, अर्धवट भरलेल्या शेंगा. आणि जोमदार दिसते ते झाड बहुतेक वेळा शेजारची जागा रिकामी राहिलेले असते. मोहरी जागा मिळाली की फांद्या सोडते. दोन्ही बाजूंची रोपे मेलेल्या झाडाला दुप्पट शेंगा लागतात. ती दहा झाडे बांधाकडेला, पाण्याच्या पाटाजवळ किंवा खाड्याशेजारी होती का, हे आठवून बघा.

एम-१ चे झाड आतून एकसारखेही नसते. बियातल्या कोंबाच्या टोकाशी अनेक पेशी असतात आणि किरण त्यातल्या एखाद्याच पेशीवर परिणाम करतात. त्या पेशीपासून झाडाचा जेवढा भाग बनतो तेवढ्यातच बदल असतो. यालाच कायमेरा म्हणतात. मुख्य तुरा एका भागातून आणि तिसरी फांदी दुसऱ्या भागातून आलेली असू शकते. म्हणून एका झाडाच्या सगळ्या फांद्यांचे बी एकत्र मळले की बदल असलेले बी साध्या बियांत हरवते. एम-१ ची पेरणी ३० बाय १० अशी जरा दाट ठेवावी, म्हणजे फांद्या कमी फुटतात, आणि बी फक्त मुख्य तुऱ्यावरून घ्यावे. त्या तुऱ्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या शेंगांतून थोडे थोडे दाणे काढावेत. तुरा म्हणजे एक कुटुंब, असा हिशेब पक्का ठेवा.

मोहरीची आणखी एक अडचण हरभरा किंवा भातावरचे प्रबंध वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपली मोहरी, ब्रासिका जुन्सिया, ही दोन प्रजातींच्या नैसर्गिक संकरातून झालेली आहे: ब्रासिका रापाचे २० आणि ब्रासिका नायग्राचे १६ मिळून ३६ गुणसूत्रे. त्यामुळे बऱ्याच कामांसाठी तिच्याकडे जनुकांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीत बिघाड झाला तरी दुसरी काम भागवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पिवळ्या दाण्याचे उदाहरण घ्या. तपकिरी आणि पिवळ्या दाण्याच्या मोहरीचा संकर केला की दुसऱ्या पिढीत साधारण सोळाला एक पिवळे मिळते, कारण दोन्ही जोड्या पिवळ्याच्या बाजूने झुकाव्या लागतात. म्हणून मोहरीत दिसणाऱ्या उत्परिवर्तनांचे प्रमाण कमी असते आणि एम-२, म्हणजे दुसरी पिढी, मोठी घ्यावी लागते. दहा झाडांच्या संततीत काही सापडले असते तर ते नशीबच म्हटले असते.

आता डोस. मोहरी किरणांना फार चिवट आहे. हरभऱ्याला किंवा गव्हाला २००–३०० ग्रेमध्ये चांगला दणका बसतो, मोहरीच्या कोरड्या बियांना मात्र साधारण ७०० ते १,२०० ग्रे लागतात, कधी त्याहून जास्त. जुन्या प्रबंधांत डोस किलोरॅडमध्ये असतो. १०० किलोरॅड म्हणजे १,००० ग्रे. ३०० चा आकडा बहुधा दुसऱ्या पिकावरून उचलला गेला. मोहरी चिवट असण्याचे एक कारण तिची गुणसूत्रे लहान आहेत हे आहे. पेशीकेंद्रकात प्रत्येक गुणसूत्राच्या वाट्याला जितकी कमी जागा, तितके ते पीक किरणांना कमी संवेदनशील, असा सर्वसाधारण नियम आहे.

तरीही नेमका डोस परक्या पुस्तकातून घेऊ नका. तो वाणावर आणि बियांतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. बी फार कोरडे असेल तर त्याच डोसने इजा कितीतरी जास्त होते, म्हणून ओलावा आधी स्थिर करून घ्यावा. त्यासाठी डेसिकेटरच्या, म्हणजे झाकणाच्या हवाबंद काचपात्राच्या, तळाशी ६० टक्के ग्लिसरॉलचे द्रावण ठेवावे, वर जाळीवर बी पसरावे आणि पाच ते सात दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्यावे. मग हवाबंद पाकिटात किरणांसाठी पाठवावे. वजनाची चिंता नको. ३,००० दाणे जेमतेम १५ ग्रॅम भरतात.

आधी लहान चाचणी करा. ०, ६००, ८००, १,०००, १,२००, १,४०० आणि १,६०० ग्रे असे सात डोस, प्रत्येकी १०० दाण्यांच्या तीन ट्रे. धुतलेल्या वाळूत एक सेंटिमीटर खोल पेरा आणि चौदाव्या दिवशी रोपांची उंची मोजा. इथे उगवण मोजायची नसते, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कोंबाच्या पेशी विभागल्या नाहीत तरी फक्त लांबून कोंब बाहेर येतो. त्यामुळे १,५०० ग्रेलाही ९० टक्के उगवण दिसते. दले हिरवी होतात आणि पहिले खरे पान न येताच रोप आठवड्याभरात बसते. उगवण बघून डोस ठरवणारा माणूस नेहमी गरजेपेक्षा जास्त डोस घेतो. किरण न दिलेल्या रोपांच्या तुलनेत उंची ज्या डोसला ३० टक्क्यांनी घटते तो मुख्य डोस धरा, आणि ५० टक्के घटीच्या जवळचा एक दुसरा. दोन डोस पुरतात. पाच-सहा डोस घेऊन प्रत्येकी चारशे बिया लावण्यापेक्षा दोन डोस आणि प्रत्येकी तीन हजार बिया हे कधीही बरे.

किरण देण्याची सोय ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही आहे. अर्ज विद्यापीठातर्फे, मार्गदर्शकांच्या सहीने जातो. ग्वाल्हेर-मुरैना भागात मोहरी १० ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान पडायला हवी, म्हणजे पत्रव्यवहार पावसाळ्यातच सुरू करायला हवा. किरण दिलेले बी पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका. साठवणीत इजा वाढत जाते आणि चाचणीत ठरवलेल्या डोसचा अर्थ राहत नाही.

ईएमएसबद्दल. गॅमा किरण डीएनएचा धागा तोडतात, त्यामुळे तुकडे गळतात किंवा जागा बदलतात. ईएमएस एखादेच अक्षर बदलते. त्यातून जनुक पूर्ण बंद न पडता त्याचे काम कमी-जास्त होण्याची शक्यता असते. तेलाचा दर्जा, मेदाम्ले अशा गोष्टींसाठी ते उपयोगी पडते. परदेशी रायडा म्हणजे कॅनोलात कमी लिनोलेनिक आम्लाचा ‘स्टेलर’ हा वाण १९८७ मध्ये कॅनडात आला, तो अशाच रासायनिक उत्परिवर्तनातून मिळालेल्या गुणावर उभा आहे. झाडाची ठेवण आणि पक्वता बदलायची असेल तर मी गॅमापासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात हाताळणी सोपी आहे. ईएमएस कर्करोगकारक आहे. ते घरी किंवा शेताच्या खोलीत वापरायची वस्तू नाही. धूरकपाट, नायट्राइलचे हातमोजे आणि उरलेले द्रावण निष्क्रिय करायला १० टक्के सोडियम थायोसल्फेट हे नसेल तर विचार सोडून द्या.

प्रयोगशाळा असेल तर कृती अशी. बी सहा ते आठ तास साध्या पाण्यात भिजवा. पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये ०.३ ते ०.८ टक्के ईएमएस ताजे बनवा, ०.५ टक्क्यासाठी १५० मिलिलिटर द्रावणात ०.७५ मिलिलिटर पडते. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, तळाला थेंब बसतात, म्हणून नीट हलवून घ्या. बिया सहा तास हलत्या ठेवा आणि तापमान लिहून ठेवा. पाण्यात ईएमएसचे अर्धे आयुष्य २० अंशांना ९३ तास, तर ३० अंशांना २६ तास असते. खोली गरम-थंड होत राहिली की दोन दिवसांचे दोन प्रयोग जुळत नाहीत, याचे कारण हेच. आणि एक मोहरीचीच खास गोष्ट: भिजलेल्या दाण्यावर चिकट बुळबुळीत थर सुटतो, दाण्यांचे गोळे होतात आणि आतल्या बियांना औषध कमी पोहोचते. दाणे मलमलच्या सैल पिशवीत ठेवून अधूनमधून उघडावे लागतात. नंतर आठ-दहा वेळा धुवा, कोरड्या वाळूत मिसळा आणि त्याच दिवशी पेरा. बरोबरीला नुसत्या बफरमध्ये तेवढाच वेळ भिजवलेले बीही हवे, नाहीतर भिजवण्याची इजा औषधाच्या खात्यावर लिहिली जाते.

आता फुलोऱ्याच्या पिशवीकडे येऊ, कारण ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात सगळ्यात जास्त कामे इथे वाया जातात. मोहरी मुख्यतः स्वपरागी असली तरी पाच ते पंधरा टक्के परपरागण सहज होते, आणि मधमाश्या भरपूर असल्या की याहूनही जास्त. डिसेंबर-जानेवारीत इकडे नजर जाईल तिथवर पिवळी शेते आणि बांधाबांधाला मधाच्या पेट्या. उघड्यावर ठेवलेल्या एम-१ झाडाच्या बियांत शेजाऱ्याच्या वाणाचा पराग येणारच. पुढच्या वर्षी त्या संकरातून एखादे उंच, भरपूर फांद्यांचे, डोळ्यांत भरणारे झाड उगवते आणि आपण आनंदाने ‘उत्परिवर्ती’ म्हणून त्याला लाल टॅग बांधतो. एम-३ मध्ये त्याची संतती दहा तऱ्हेची निघाली की उलगडा होतो. तोवर एक वर्ष गेलेले असते.

पिशवी मुख्य तुऱ्यावर कळ्या असतानाच घालावी. उमललेली फुले आणि आधीच धरलेल्या शेंगा खुडून टाकाव्यात. बटर पेपर इकडच्या जानेवारीतल्या धुक्यात ओला होऊन फाटतो; बारीक छिद्रांची पारदर्शक पिशवी किंवा मलमल टिकते. तुरा रोज लांबतो, म्हणून तीन-चार दिवसांनी पिशवी वर सरकवावी, नाहीतर शेंडा आत दुमडून शेंगा वाकड्या होतात. सकाळी दहा-अकराला, दव वाळल्यावर, पिशवीला बोटाने टिचकी मारावी म्हणजे पराग झडतो आणि दाणे बरे भरतात. आणि मावा! ज्याला इकडे माहू म्हणतात, तो पिशवीच्या आत सुरक्षित वाढतो. त्याचे भक्षक कीटक आत शिरू शकत नाहीत. पिशवी घालण्याआधी तुरा उलटसुलट तपासा, गरज असेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारणी करा, आणि शेवटची फुले झडताच पिशवी काढून टॅग बांधा. पिशवी शेंगा पिकेपर्यंत ठेवली की दाणे बारीक राहतात आणि पुढे उगवणीत मार बसतो.

एम-२ हीच खरी शोधाची पिढी. समजा ६०० तुऱ्यांचे बी मिळाले. प्रत्येकाची दोन मीटरची एक ओळ, ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत दहा, म्हणजे ओळीत २० झाडे. एकूण १२,००० झाडे ५४० चौरस मीटरमध्ये बसतात. इकडे हेक्टरला साधारण पाच बिघे धरतात, तर वाटा मिळून पाव बिघ्याहून थोडी जास्त जागा. दर वीस ओळींनंतर किरण न दिलेल्या वरुणाची एक ओळ लावा, तीही त्याच बियांच्या पिशवीतली. वीस झाडे का? अप्रभावी गुण कुटुंबात चाराला एक या प्रमाणात असेल तर दहा झाडांत तो किमान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के आणि सोळा झाडांत ९९ टक्के. कायमेरामुळे प्रमाण प्रत्यक्षात चारास एकपेक्षा कमी पडते, म्हणून थोडी जास्त झाडे घ्यायची. पण ओळीत पन्नास झाडे लावून कुटुंबे कमी करू नका. नवी उत्परिवर्तने नव्या कुटुंबांतून मिळतात.

उगवणीनंतर आठ ते पंधरा दिवस रोज सकाळी ओळींतून फिरा आणि पांढरी, पिवळी, फिकट हिरवी रोपे मोजा. ती मरणारीच असतात, पण त्यांचे प्रमाण पाहून किरणांनी काम केले की नाही ते कळते. सहाशे ओळींत एकही सापडले नाही तर डोस किंवा बियांचा ओलावा चुकला, असे समजायला हरकत नाही. मोहरीत ही रोपे मुळातच कमी दिसतात, तेव्हा दोन-चारच मिळाली तर खचू नका.

पुढे काय टिपायचे? ज्यांची नोंद डोळ्यांनी आणि पट्टीने होते असे गुण: पहिले फूल येण्याचा दिवस, पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर, फांद्यांचा कोन, मुख्य तुऱ्यावरच्या शेंगा, दहा शेंगांची सरासरी लांबी आणि दाणे, शेंगेचे कप्पे, पांढऱ्या तांबेऱ्याचे आणि करप्याचे ठिपके. आपल्या भागात मला लवकर पिकणारे झाड फार मोलाचे वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन एकदम चढते आणि दाणा भरायचा थांबतो. दहा दिवस आधी पिकणारी वरुणा त्यातून सुटते, मावा वाढायच्या आधी शेंगा धरते, आणि तिळानंतर किंवा बाजरीनंतर उशिरा पेरणाऱ्याला उपयोगी पडते. अशा झाडाचे एकट्याचे उत्पादन वेळेवरच्या पेरणीत बहुधा वरुणापेक्षा कमीच असते. म्हणून ते टाकून देऊ नका; त्याची परीक्षा उशिराच्या पेरणीत घ्या. दाण्याचा रंग मात्र घाईने बघू नका. कवच ही आईची चामडी आहे, त्यामुळे एम-२ झाडाच्या रंगाचा निकाल ते झाड मळल्यावरच, म्हणजे एम-३ दाण्यावर लागतो. तेलातले मेदाम्ल गर्भाचे असते, म्हणून ते एम-२ च्या दाण्यातच तपासता येते: एक दल गॅस क्रोमॅटोग्राफीला (मेदाम्ले मोजणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला), कोंबासह उरलेला अर्धा दाणा ओल्या टिपकागदावर.

एम-२ मधल्या एकट्या झाडाचे दाणे तोलून उत्पादनासाठी निवड करू नका. एका झाडाच्या वजनात जागेचा, पाण्याचा, मुंग्यांच्या वारुळाचासुद्धा वाटा इतका असतो की वंशातून आलेला हिस्सा त्यात दबून जातो. वजन करायचे ते एम-४ पासून, प्लॉटवर.

इथवरचा क्रम एकदा लावून घेऊ. पहिल्या वर्षी लहान चाचणी आणि एम-१, पिशवीसकट. दुसऱ्या वर्षी एम-२, निवडलेल्या प्रत्येक झाडाला पुन्हा पिशवी. तिसऱ्या वर्षी एम-३ च्या ओळी. ज्या ओळीत वीसची वीस झाडे निवडलेला गुण दाखवतात ती स्थिर, बाकीच्यांतून पुन्हा निवड. चौथ्या वर्षी बी थोडे असते, म्हणून ऑगमेंटेड रचना, ज्यात नव्या ओळी एकेकदा आणि तुलनेचे वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये असतात. पाचव्या वर्षापासून तीन रेप्लिकेशनची, म्हणजे प्रत्येक वाणाचे तीन प्लॉट असलेली, चाचणी: पाच मीटरच्या सहा ओळी, कापणी मधल्या चार ओळींची, वजन ८ टक्के ओलाव्याला आणून. लाहौलसारख्या थंड खोऱ्यात उन्हाळी पीक घेता आले तर एखादे वर्ष वाचते.

‘किती वाढते’ याचे उत्तर या चाचणीच्या हिशेबातच आहे. मोहरीच्या चाचणीत १२ टक्के सीव्ही (प्लॉटाप्लॉटांतल्या आपसूक चढउताराचे माप) असणे अगदी नेहमीचे. तीन रेप्लिकेशनमध्ये अशा वेळी दोन वाणांत सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर तो खरा की योगायोग, हे सांगताच येत नाही. खरी वाढ बहुधा ५ ते १० टक्क्यांची असते. ती पकडायला चार ठिकाणी दोन वर्षे, म्हणजे २४ प्लॉट लागतात. तेव्हा कुठे सुमारे ७ टक्क्यांचा फरक दिसू लागतो, आणि तोही ठिकाणागणिक वाण वेगळा वागला नाही तर. म्हणून एका शेतातल्या एका वर्षाच्या ‘३० टक्के वाढी’वर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुमच्या प्रबंधातही तसे वाक्य येऊ देऊ नका. पुढची वाट अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून जाते; त्याचे मुख्य केंद्र भरतपूरला आहे.

एवढे करूनही उत्परिवर्ती थेट वाण होईलच असे नाही. पंजाब कृषी विद्यापीठाचे आरएलएम मालिकेतले वाण गॅमा किरणांतून आले, तर ट्रॉम्बेच्या टीएम-४ या वाणात पिवळ्या दाण्याचा उत्परिवर्ती वरुणाशी संकर करून वापरला गेला. दुसरा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. किरणांनी हव्या त्या जनुकाबरोबर इतरही बरीच मोडतोड केलेली असते. मूळ वाणाशी एक-दोनदा परत संकर केला की ती धुऊन जाते आणि नव्या गुणाची खरी किंमत कळते. शेंगेत दाणे कमी भरणारी कितीतरी ‘अपयशी’ उत्परिवर्ती झाडे अशा एका संकरानंतर पूर्ण भरलेल्या शेंगा देतात, कारण दोष वेगळ्याच तुटक्या गुणसूत्राचा असतो. निवडलेला मूळ वाण संरक्षित असेल तर एक कायदेशीर बाजूही लक्षात ठेवा: २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात उत्परिवर्तनाने काढलेला वाण ‘मूळ वाणापासून साधित’ ठरू शकतो, आणि मग मूळ हक्कदाराची परवानगी लागते.

राहिले ते शेंगा खोडाला चिकटलेले एक झाड. वरुणात हे दिसले की माझ्या मनात आधी रोहिणी येते. कानपूरची रोहिणी वरुणामधूनच निवडलेली आहे आणि अंगाशी मिटलेल्या शेंगा ही तिची ओळख. बी बाजारातून आणले असेल, मळणी सामाईक खळ्यावर झाली असेल किंवा त्या शेतात आधी रोहिणी होती तर चार दाणे मिसळायला वेळ लागत नाही. म्हणूनच सुरुवात पैदासकार बियाण्यापासून (वाण काढणाऱ्या संस्थेकडच्या शुद्ध बियांपासून), किंवा त्याहून बरे, पिशवीतल्या एकाच झाडाच्या संततीपासून करायची आणि आदल्या वर्षी मोहरी नसलेले शेत निवडायचे. तरीही ते झाड फेकू नका. त्याचे बी येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका ओळीत लावा, डावीकडे वरुणा, उजवीकडे रोहिणी, दोन्ही पैदासकार बियाण्यातल्या. ओळीत तऱ्हेतऱ्हेची झाडे निघाली तर तो मधमाशीने केलेला संकर. सगळी सारखी आणि उंची, पान, दाणा, पक्वतेत रोहिणीशी जुळणारी निघाली तर भेसळ. शेंगांची ठेवण सोडून बाकी सगळे वरुणाचे असेल तर पानांचे नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या आणि वरुणा-रोहिणीत फरक दाखवणारे एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, आधी शोधून फक्त तेवढेच लावा. दोघींचे मूळ एकच असल्याने बहुतेक मार्कर सारखेच दिसतील. ते सगळे वरुणाच्या बाजूने आले, तर तीनशे ग्रेमध्येही तुम्हाला एक खरे उत्परिवर्तन सापडले आहे. तोवर त्या ओळीतल्या प्रत्येक झाडाच्या मुख्य तुऱ्याला, पहिली कळी पिवळी दिसायच्या आत, पिशवी घातलेली असू द्या.